रातांब्याचा लाल

माझ्या फ्रीजच्या दारावर नालाच्या आकाराचं एक चुंबक आहे. त्याला फूटभर तार बांधलेली आहे. त्याखाली मी काहीही अडकवत नाही. बायकोने एकदा तिथे किराण्याची यादी लावली, तेव्हा मी तिच्यावर विनाकारण खेकसलो. नंतर माफी मागितली, पण यादी काढून टाकली. चुंबक मला मेस्त्रीकाकांनी दिलं, आणि ते त्यांचंही नव्हे. ते प्रज्ञाचं आहे. सेंगकांगला राहणाऱ्या त्या मुलीला ते परत नेऊन द्यावं असं मी वर्षभर म्हणतो आहे. सिंगापुरातल्या सिंगापुरात, ईस्ट कोस्टहून सेंगकांग म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. माझा पाय उचलत नाही, एवढंच.

मेस्त्रीकाका मूळचे मालवणच्या बाजूचे. बोटीवर फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली. मग इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले आणि इथलेच झाले. वुडलँड्सला अकराव्या मजल्यावर ते आणि काकू राहतात. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, भजनाला जातात. काकांनी भट्टी लावली. घरात नव्हे अर्थात. फ्लॅटमध्ये उदबत्तीचा धूर झाला तरी शेजारची चिनी आजी दार ठोठावते. वुडलँड्सच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मिस्टर टान नावाच्या गृहस्थांचं गेट आणि ग्रिल बनवायचं युनिट आहे. रविवारी ते बंद असे. त्याचा मागचा कोपरा टाननी काकांना दिला होता. तिथे गॅसची भट्टी, बोटीच्या मोडीत निघालेल्या शाफ्टच्या तुकड्याची ऐरण, तेलाचा डबा, पाण्याची बादली, आणि दर रविवारी सकाळी आमच्यासारखे सात-आठ हौशी.

हौशी हा शब्द काका शिवीसारखा वापरत. मी जहाज कंपनीच्या ऑफिसात बसून दिवसभर ईमेल पाठवणारा माणूस. डॉक्टरने ब्लडप्रेशरसाठी छंद लावून घ्या म्हटलं म्हणून मी तिथे गेलो. पहिल्या दिवशी काकांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "ऑफिसर, या हातांनी तू आजवर फक्त बटणं दाबलीस." त्या दिवसापासून मी ऑफिसर झालो. माझं खरं नाव त्यांना अजून तरी ठाऊक आहे की नाही, शंकाच आहे.

बुटका, रुंद माणूस. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक केस नाही, सगळे भट्टीने खाल्लेले. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तळहात नाही, हाताची मागची बाजू जवळ नेत. ही इंजिनरूममधली सवय. चहाचा कप असो, बसमधला दांडा असो, काकूंनी पुढे केलेली पोळी असो, आधी हाताची पाठ, मग हात. "लाल लोखंडाला कोण हात लावत नाही," ते नव्या माणसाला सांगत. "भाजतं ते काळं. जमिनीवर पडलेला प्रत्येक तुकडा गरम आहे असं समजायचं. माझा बाप जरी म्हणाला गार आहे, तरी हाताची पाठ ने."

त्यांचे सल्ले असेच, बोलताबोलता अंगावर फेकलेले. टेरिलीनचा शर्ट घातलेल्याला ते दारातून परत पाठवत, कारण ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पाइप कोणी भट्टीजवळ आणला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. तो धूर छातीत गेला की रात्रभर ताप येतो, हे त्यांनी बोटीवर भोगलं होतं. मोठा हातोडा उचलणाऱ्याच्या हातात ते मुकाट्याने छोटा देत. "लहान हातोड्याची चूक लहान होते रे." आणि लोखंड गार झाल्यावरही जो मारत राहील त्याला म्हणत, "राग काढतोयस? तो घरी काढ. इथे परत भट्टीत घाल."

एका बाबतीत मात्र सल्ला नव्हता, हुकूम होता. काही तुटलं तर फेकायचं नाही. बिस्किटांच्या एका निळ्या पत्र्याच्या डब्यात ते तुटलेली प्रत्येक वस्तू ठेवत. मी घडवलेला पहिला आकडा, म्हणजे हुक, दोन तुकडे होऊन पडला तेव्हा मी लाजून तो खिशात घालत होतो. काकांनी हात पुढे केला. तुकडा माझ्या नाकासमोर धरला. "तोंड वाच."

"काय वाचू?"

"तुटलंय तिथे बघ. राखाडी, मऊ दिसलं तर पाणी बरोबर बसलंय, दुसरं काहीतरी चुकलं. साखरेसारखे दाणे चमकले तर घडवताना जास्त तापवलंस. आत दाणे फुगले की वरून कितीही कडक होऊ दे, आतून ठिसूळच." माझ्या आकड्यात साखर होती. त्यांनी तो डब्यात टाकला आणि म्हणाले, "वाचल्याशिवाय दुसरा करायचा नाही."

हत्याराला पाणी देणं म्हणजे तापवून एकदम गार करणं, त्याने ते कडक होतं. आम्ही देत होतो तेलात, पण शब्द पाण्याचाच. ते काम काका कोणाला करू देत नसत. घडवा तुम्ही, पाणी मी देणार. सगळी मेख कधी बाहेर काढायचं यात. पुस्तकातले डिग्रीचे आकडे वगैरे त्यांच्यापाशी चालत नसत. त्यांच्यापाशी दोन फळं होती. "रातांबा झाला की बुडव. हापूस झाला तर मेलं."

आता सिंगापुरात रातांबा, म्हणजे कोकमाचं पिकलं फळ, कोणी पाहिलाय? मालवणहून आणलेल्या कोकम आगळाची बाटली ते खिडकीच्या उजेडात धरत आणि म्हणत, हा. हाच लाल, फक्त आतून पेटलेला. मिस्टर टाननी एकदा कुतूहलाने झाकणभर आगळ तोंडात घेतलं आणि पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. पण शब्द त्यांनीही उचलला. आम्ही भट्टीपाशी रेंगाळलो की गेटजवळून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत, "अंकल, रतांबा आलरेडी ला!"

प्रज्ञा आमच्यात आली ती शेवटून तिसऱ्या वर्षी. नागपूरची, इथे एका प्रयोगशाळेत इंजिनियर. पस्तिशीची असेल. तिच्या हाताला जात्याच वळण होतं. मला जे वर्षभरात जमलं नाही ते तिने सहा रविवारांत केलं. काका तिच्यावर खूश होते हे त्यांच्या ओरडण्यावरून कळे, कारण बाकीच्यांवर ते ओरडायचेही नाहीत. ती त्यांच्यासाठी डब्यातून झुणका आणायची. काका "तिखट आहे, तिखट आहे" करत डबा पुसून खात.

ती एक दिवस हे चुंबक घेऊन आली. तारेला टांगलेलं. "काका, पोलाद योग्य तापलं की त्याला चुंबक चिकटत नाही. सुटलं की अगदी थोडं वर न्यायचं आणि बुडवायचं. डोळ्यावर अवलंबून राहायला नको."

काकांनी चुंबक हातात घेतलं, तिच्याकडे पाहिलं, आणि टानच्या लोखंडी कपाटावर थाप मारून ते चिकटवलं. त्याखाली गॅसवाल्याचं कार्ड लावलं. "हे याच्या कामाचं आहे," म्हणाले. "चाळीस वर्षं डोळ्यांनी पाणी दिलं मी. डोळे आहेत तोवर चुंबक कशाला?"

आम्ही हसलो. प्रज्ञाही हसली. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो, हे मला आठवतं.

त्या काळात काका एक तक्रार वारंवार करत. हल्ली गॅस चांगला येत नाही. ज्योत मरतुकडी आहे, लोखंड तापायला वेळ लागतो. टाननी सिलिंडर बदलून पाहिला, रेग्युलेटर बदलून पाहिला. घरी त्यांनी काकूंना सगळ्या ट्यूब बदलायला लावल्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारा माणूस कुरकुरतो, एवढाच आमचा हिशेब.

प्रज्ञाने एक छिन्नी घडवली. गाडीच्या जुन्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यातून, आठ बाजू सारख्या, बघत राहावी अशी. पाणी अर्थात काकांनी दिलं. ते भट्टीत डोकावून उभे होते, सांडशीत छिन्नी, आणि मी बादलीशेजारी. त्यांनी ती बाहेर काढली. ती मला दिसली. मला ती रातांबा वाटली नाही. रातांब्याच्या पुष्कळ पुढे गेलेली, केशरी. माझ्या मनात स्पष्ट शब्द आले, हा तर हापूस. आणि दुसऱ्याच क्षणी आलं, ऑफिसर, तुला काय कळतं. छिन्नी तेलात गेली, फस्स झालं, धूर आला. मग काकांनी ती घासून चकचकीत केली, पुन्हा मंद शेकून कडकपणा उतरवला, सगळं रीतीप्रमाणे. प्रज्ञाच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे. तुझ्या नातवंडांना पुरेल."

पुढच्या रविवारी ती त्या छिन्नीने एक जुना बोल्ट तोडत होती. टानच्या युनिटला पंखे होते, पण हवा तीच, ओली, गरम. घामाने सुरक्षा चष्म्यावर वाफ धरली. तिने तो पुसला. पुन्हा वाफ धरली. तिने तो डोक्यावर सरकवला आणि हातोडा मारला. छिन्नीचं टोक उडालं आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेलं.

ती किंचाळली नाही. हातोडा नीट ऐरणीवर ठेवला आणि खाली बसली. टान फोन करत धावले. मी रुमाल घेऊन गेलो आणि तो कुठे धरायचा तेच मला कळेना. काका तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "चष्मा कुठे होता?"

"डोक्यावर," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तासाभराने त्यांनी मला तेच विचारलं, जणू मी तिथे नव्हतोच. "चष्मा कुठे होता तिचा?" मीही म्हणालो, डोक्यावर. ते मान हलवत राहिले. मला वाटतं, चूक कोणाची याचा निकाल त्या कॉरिडॉरमध्येच लागला. डोळा वाचला नाही. उजेड आहे की अंधार एवढंच त्या डोळ्याला कळतं.

ती परत आली नाही. छिन्नीचा उरलेला भाग टाननी उचलून निळ्या डब्यात टाकला. काकांनी त्याचं तोंड वाचलं नाही. प्रत्येकाच्या फुटक्या आकड्याचं तोंड वाचणारा माणूस, याच एका तुकड्याला त्याने हात लावला नाही. मी ते पाहिलं, आणि मीही डबा उघडला नाही.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली. नवा हौशी आला की जस्त, टेरिलीन, काळं लोखंड हे सगळं सांगून झाल्यावर काका म्हणत, "आमच्याकडे एक मुलगी होती. प्रज्ञा. हुशार, सोन्यासारखा हात. चष्मा डोक्यावर घेतला. गेला डोळा." नवा माणूस मुकाट्याने चष्मा लावी. सल्ला म्हणून याहून परिणामकारक काही नव्हतं. दोन वर्षं मी ती गोष्ट ऐकली. गणपतीला मंडळात जमल्यावर कोणी तरी मला विचारलं, "तुमच्या त्या क्लासमधली निष्काळजी मुलगी, तिचं काय झालं पुढे?" मी म्हणालो, बरी आहे. मला माहीत नव्हतं ती बरी आहे की नाही.

काकांचा मोतीबिंदू उघडकीला आला तो बसमुळे. स्टॉपवर नंबर वाचता न आल्याने ते तीन वेळा चुकीच्या बसमध्ये चढले. काकूंनी धरून पॉलिक्लिनिकला नेलं. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले होते, आजचे नव्हे, पुष्कळ वर्षांचे. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, डाव्याचं दोन महिन्यांनी करायचं ठरलं. घरी आल्यावर पट्टी काढून ते हॉलच्या भिंतीकडे बघत बसले. "रंग कधी दिला?" काकूंना विचारलं.

"कसला रंग?"

"भिंत क्रीम होती ना आपली?"

"पांढरी आहे हो. पहिल्यापासून पांढरीच आहे." काकूंनी हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

डॉक्टरने परवानगी दिल्यावर काका पहिल्यांदा भट्टीवर आले त्या रविवारी मी लवकर गेलो होतो. आम्ही दोघेच, आणि टान पुढे ग्रिल रंगवत होते. काकांनी भट्टी पेटवली आणि खूश होऊन म्हणाले, "गॅस सुधारला रे!" कमानीच्या पाट्याचा तुकडा आत घातला. थोड्याच वेळात बाहेर काढला आणि तेलाकडे वळले.

"काका, अजून वेळ आहे ना?" मी म्हणालो. "गडद आहे अजून."

"हा रातांबा."

"तुमचा रातांबा याहून उजळ असतो."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा बोललो. आणि बोललो तेही चांगल्या शिष्यासारखं, त्यांनीच शिकवलेला धडा त्यांना म्हणून दाखवत. त्यांनीच आमच्या डोळ्यांना हे वळण लावलं होतं. आगळाच्या बाटलीकडे बघायचं आम्ही केव्हाच सोडलं होतं, काका बुडवतील तो रातांबा.

ते परत भट्टीकडे वळले. तुकडा पुन्हा आत घातला. मग त्यांनी डाव्या हाताने डावा डोळा झाकला आणि पाहिलं. हात काढून उजवा झाकला आणि पाहिलं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. मला काही समजेना.

"ते चुंबक आण," ते म्हणाले.

गॅसवाल्याचं कार्ड खाली पडलं, मी चुंबक नेऊन दिलं. त्यांनी तुकडा बाहेर काढला, तार धरून चुंबक जवळ नेलं. ते ओढलं गेलं, टक् करून चिकटलं. सोडवलं, तुकडा पुन्हा आत. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा चुंबक तुकड्याशेजारी नुसतं लोंबकळत राहिलं. काकांनी डावा डोळा झाकला. "या डोळ्याला रातांबा," ते म्हणाले. मग उजवा झाकला. "आणि याला अजून काळपट." त्यांनी तुकडा परत भट्टीत घातला आणि उजव्या डोळ्यावर हात तसाच ठेवून वाट बघत उभे राहिले. लोखंड वर चढत गेलं, लालाच्या पुढे, केशरीच्या काठाशी. "आता," ते म्हणाले. "आता रातांबा." आणि हात काढला.

समोर काय होतं ते मी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी गॅस बंद केला. डबा मागितला. मी आणून दिला. छिन्नीचा तुकडा त्यांनी स्वतः शोधून काढला, गेटपाशी उन्हात नेला, उजव्या डोळ्याजवळ धरला. बराच वेळ ते तोंड वाचत होते, खरं तर वाचायला एक क्षण पुरतो. "साखर," ते म्हणाले. टान ब्रश हातात घेऊन आमच्याकडे बघत होते. "अंकल, ओके ऑर नॉट?" काकांनी खिशातून रुमाल काढून तुकडा त्यात गुंडाळला.

मीही तेव्हा सांगायला हवं होतं, की मला त्या दिवशी दिसलं होतं. माझे डोळे धडधाकट होते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. लिहितो आहे ते आज इथे पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात आम्ही सेंगकांगला गेलो. एलआरटीच्या छोट्या गाडीत काका तुकडा रुमालात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते. प्रज्ञाने दार उघडलं. आमच्याकडे बघताना तिने मान जरा जास्त वळवली, उजव्या डोळ्यात आम्हाला घ्यायला. "या काका. या दादा." तिने चहा केला. ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतला, मधलं अंतर तिला आता कळत नाही म्हणून. काका त्या किटलीकडे बघत होते.

मग ते बोलले. आडपडदा न ठेवता सगळं बोलले. मोतीबिंदू, दोन डोळ्यांचे दोन रंग, चुंबक, साखर. "पाणी मी जाळलं, बाय. चष्मा असता तर डोळा वाचला असता, पण छिन्नी फुटायलाच नको होती. माझ्यामुळे फुटली." रुमाल उघडून तुकडा टीपॉयवर ठेवला.

प्रज्ञाने तो उचलला नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"डोळ्यातला तुकडा डॉक्टरांनी मला बाटलीत घालून दिला होता. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघितला. दाणे एवढे होते." तिने बोटांनी दाखवलं. मग म्हणाली, "चुंबकानं काढला त्यांनी तो, काका."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मग बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं. "दोन वर्षं मी लोकांना..."

"चष्मा डोक्यावर होता, हे खरंच होतं की. मी कोणाला काय सांगणार?" ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली. "आणि मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तुटलेलं तोंड वाचल्याशिवाय राहणारच नाही. वाचलं असेल, आणि तरीही माझीच गोष्ट सांगताय, असं मी धरून चालले."

"नाही वाचलं," काका म्हणाले. "शपथ घेतो. नाही वाचलं मी."

"हं," ती म्हणाली.

तिचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. काकांनाही सांगता आलं नसतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. वाचलं नव्हतं याचा पुरावा माणूस आणणार कुठून? आणि का वाचलं नव्हतं, या प्रश्नाला उत्तर देणार काय?

निघताना काकांनी विचारलं, मी काय करू ते सांग. ती म्हणाली, "काही नको. माझी गोष्ट सांगू नका. सांगायचीच असेल तर पूर्ण सांगा." तिने दारापर्यंत येऊन त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. तुकडा तिच्या टीपॉयवरच राहिला होता.

पुढच्या रविवारी काकांनी सगळ्यांना उभं केलं आणि गोष्ट पूर्ण सांगितली. एकदाच. शेवटी म्हणाले, "मी पाणी दिलेलं जे जे हत्यार तुमच्या घरी असेल, ते आणा." लोकांनी पुढच्या दोन आठवड्यांत छिन्न्या, भोकं पाडायचे पोगर, चाकू आणून दिले. काकांनी एकेक शिकंज्यात धरून मोडलं आणि तोंड वाचलं. काही राखाडी होती, बऱ्याच तोंडांत साखर होती. जुनी राखाडी, नवी साखर. कुठल्या वर्षापासून बिघडत गेलं ते त्या तुकड्यांच्या रांगेत कोणालाही दिसत होतं. मग त्यांनी भट्टीची नळी सोडवली, सिलिंडर परत पाठवला, ऐरण टानना दिली. टान म्हणाले, "अंकल, यू टेक रेस्ट, आफ्टर दॅट कम बॅक ला." काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला. चुंबक माझ्या हातात दिलं. "तिला दे," म्हणाले. "मला नाही जमणार." मलाही जमलेलं नाही.

डाव्या डोळ्याची तारीख आली आणि गेली. काकूंचा फोन आला, "नाही म्हणतायत हो. तुम्ही तरी सांगा." मी गेलो. काका पांढऱ्या भिंतीसमोर बसले होते. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, उशीर केला तर अवघड होईल म्हणालो. त्यांनी चहाच्या कपाजवळ हाताची पाठ नेली, मागे घेतली, कप उचललाच नाही.

"हा डोळा साफ केला ना ऑफिसर," ते म्हणाले, "की चार महिन्यांत मला वाटायला लागेल, मी नेहमी नीटच बघत होतो. माणूस तसाच आहे. मी तसाच आहे."

"असं करून तिचा डोळा येणार आहे का काका?"

"नाही."

काकू आत भांडी घासत होत्या, नळ चालू होता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, गेल्या महिन्यात. मी कामासाठी वुडलँड्सला गेलो होतो. दुपारची वेळ, बस सिग्नलला थांबली. पलीकडच्या फुटपाथवर रस्ता ओलांडायला माणसं उभी होती, त्यांत काका. हातात भाजीची पिशवी. समोरच्या सिग्नलच्या खांबावर थांबा सांगणारा लाल माणूस लागला होता. काकांनी पिशवी मनगटावर सरकवली, उजव्या हाताने डावा डोळा झाकला आणि त्या लाल माणसाकडे पाहिलं. मग उजवा झाकला आणि पाहिलं. शेजारची शाळकरी पोरं एकमेकांना ढोसून हसली. हिरवा माणूस लागला, टकटक सुरू झाली, सगळे रस्ता ओलांडून गेले. काका तिथेच उभे होते. आकडे उलटे मोजत संपले आणि पुन्हा लाल लागला.

मी उठून बस थांबवायचं बटण दाबायला हवं होतं. पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत यायला दोन मिनिटं लागली असती. त्यांना म्हणता आलं असतं, काका, मला त्या दिवशी हापूस दिसला होता, मी बोललो नाही. तेवढं ओझं तरी दोघांत वाटलं गेलं असतं. बस हलली. त्यांनी पुन्हा हात डोळ्यावर नेला होता. मी बसून राहिलो.